चिकू रात्री का भुंकतो? शुगर ग्लायडरचे आवाज ओळखताना

शुगर ग्लायडर भुंकतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरंच वाटत नाही. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, तळहातावर मावणारा जीव आणि आवाज थेट कुत्र्याच्या पिल्लाचा. वक्... वक्... वक्... प्रत्येक वेळी थोडी जागा सोडून, एकाच पट्टीत, कधी पाच मिनिटं तर कधी वीस. आमच्या नागपूरच्या प्रताप नगरातल्या घरी चिकू आला आणि शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "पॉमेरियन आणला का जी?" सासूबाई सकाळच्या चहाला म्हणाल्या, "काय वं, रातभर भुकून राह्यलं न ते. त्याले काही दुखते का पाह्य बरं."

चिकू माझ्या भाचीचा. तिला हैदराबादला नोकरी लागली, राहायला पीजी मिळालं आणि तिथे प्राणी चालत नव्हते. "मावशी, तू सांभाळशील का गं?" एवढंच तिने विचारलं. चिकूबरोबर उंच पिंजरा आला, मऊ कापडाच्या दोन झोळ्या आल्या, खाण्याचा तक्ता आला. दिवसा झोपतो, अंधार पडला की उठतो, हेही कळलं. पण तो काय बोलतो ते कुठे लिहिलेलं नव्हतं. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरेच महिने लागले.

आधी हा प्राणी कोण ते सांगते, कारण आवाजांचा अर्थ तिथूनच लागतो. दिसतो खारीसारखा, पण खारीशी त्याचं नातं नाही. कांगारूसारख्या, पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांपैकी तो आहे, मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा. पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं जन्मतं आणि पुढचे दोनेक महिने आईच्या पिशवीतच वाढतं. पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कातडीचा पडदा असतो. तो पसरून ग्लायडर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर 50 मीटरपर्यंत तरंगत जातो. जंगलात झाडाच्या एका ढोलीत सातपर्यंत मोठे ग्लायडर आणि त्यांची पिल्लं एकमेकांना बिलगून झोपतात. रात्री बाहेर पडतात तेव्हा घुबडं टपलेलीच असतात. म्हणजे हा जीव अंधारातला, कळपातला आणि दुसऱ्याचं भक्ष्य असलेला. त्याचे जवळजवळ सगळे आवाज मला या तीन गोष्टींपाशी नेऊन सोडतात.

लोक विचारतात, जंगलातून धरून आणला का? आपल्याकडच्या जंगलात उडणारी खार आहे, पण ती पूर्ण वेगळी. ती ग्लायडरच्या कितीतरी पट मोठी असते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. ती घरात ठेवायची नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण चिकूला पाहून कुणाला तसलं काही सुचायला नको.

पहिल्यांदा ओळखीचा झाला तो भीतीचा आवाज. पाळणारे त्याला क्रॅबिंग म्हणतात. दिवसा झोळीला जरा धक्का लागला की आतून सुरू. कोरड्या मिक्सरमध्ये चार दाणे टाकून चालू-बंद, चालू-बंद करावं तसा चढत-उतरत जाणारा करकरीत आवाज. एवढ्याशा छातीतून तो निघतो यावर विश्वास बसत नाही. झोळीचं तोंड उघडून पाहिलं तर चिकू मागच्या पायांवर उभा, पुढचे दोन्ही पंजे वर, तोंड उघडं. कधी चक्क पाठीवर पडून चारही पाय वर. पाहणाऱ्याला वाटतं, किती रागीट आहे! पण राग नसतोच तो. समोर आपल्यापेक्षा हजारपट मोठं काहीतरी उभं आहे आणि पळायला जागा नाही, तेव्हा निघणारा आवाज आहे.

नागपुरात असले प्राणी पाहणारे डॉक्टर कमी. एका ओळखीतून मिळाले. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती फार कामाची निघाली. क्रॅबिंग ऐकून हात झटकन मागे घेऊ नका आणि जबरदस्तीने धरूही नका, हात आहे तिथेच स्थिर ठेवा आणि त्याला वास घेऊ द्या. मग मी माझ्या वापरलेल्या सुती साडीचा तुकडा त्याच्या झोळीत ठेवला. दुपारी शाळेतून आले की झोळी गळ्यात अडकवून पेपर तपासायला बसायचे. तो छातीशी झोपलेला असायचा, वर माझा आवाज आणि पानांची सळसळ. क्रॅबिंग कधी बंद होईल याकडे माझं लक्ष नव्हतं. ते किती लांब चालतं, तेवढंच मी ऐकत होते. आधी लांबलचक सूर असायचा. मग तो मध्येच तुटायला लागला. पुढे एक करकर, वास घेण्याची फुस्स, आणि शांत. आजही झोपेतून अचानक उठवलं तर एक छोटीशी करकर येतेच, आणि ती येणारच. झोपेत दचकणं माणसाचंही सुटत नाही.

भुंकण्याचं कोडं मात्र सुटेना. म्हणून वही केली. त्यात चार रकाने: किती वाजता, त्याआधी काय झालं, तो पिंजऱ्यात कुठे होता, आणि कशाने थांबला. खोलीत लाल झिरोचा बल्ब लावला, फोन स्टूलावर टेकवून रेकॉर्डिंग चालू ठेवलं. सकाळची शाळा असल्याने रात्रभर जागणं शक्य नव्हतं. पण मुलगा परीक्षेच्या अभ्यासाला जागायचा, आणि सासूबाईंना तशीही पहाटे तीननंतर झोप नसते. तिघांनी मिळून ती वही भरली. सासूबाईंच्या नोंदी सगळ्यात नेमक्या असायच्या, कारण त्यांना घरातला आणि गल्लीतला प्रत्येक आवाज कळतो. पेपरवाल्याची सायकल, नळाला आलेलं पाणी, लांबच्या लग्नातला बँड, सगळं.

वही भरत गेली तसं दिसलं की आम्ही ज्याला एकच भुंकणं समजत होतो, ते एक नव्हतं.

रात्री उठल्या-उठल्याचं भुंकणं छोटं असायचं. वाटी रिकामी आहे, लवकर या. चिकू तेव्हा दाराजवळच्या फांदीवर असायचा. मीलवर्मच्या, म्हणजे त्याच्या खाऊच्या अळ्यांच्या, डबीचं झाकण वाजलं की आवाज तिथल्या तिथे थांबायचा.

दुसरं वेगळं होतं. ते संध्याकाळी दिवेलागणीनंतर आणि पुन्हा पहाटेच्या आधी यायचं. चिकू पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, खिडकीकडे तोंड करून थिजलेला. शेपटी सरळ, कान ताठ आणि दोन दिशांना वळलेले. डबी वाजवा, हाक मारा, बघायचासुद्धा नाही. खिडकीबाहेर कडुनिंब आहे. मांजर येत असेल म्हणून आम्ही गच्चीचं दार लावलं, काही फरक नाही. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, "तो पिंगळा बोलते न निंबावर, मंगच हा भुकते." रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. खरंच, चिर्र-चिर्र-चिर्र असा पिंगळ्याचा कलकलाट आणि त्यानंतर काही क्षणांत चिकूचं पहिलं वक्. एकदा नाही, पुन्हा पुन्हा तसंच. ऑस्ट्रेलियाचं घुबड वेगळं, नागपूरच्या निंबावरचा पिंगळा वेगळा. चिकू तर माणसांच्या घरात जन्मलेला, त्याने आयुष्यात घुबड पाहिलेलं नाही. तरी तो आवाज कानावर पडला की हा बाकीच्यांना सावध करतो. बाकीचे म्हणजे आम्हीच. त्या रात्री मला या प्राण्याबद्दल जे वाटलं, ते लिहिताना अजूनही गळा दाटतो. खिडकीला जाड पडदा लावल्यावर हे भुंकणं अर्ध्यावर आलं.

तिसरं सगळ्यात लांबलं. रात्री दोन-तीनच्या सुमाराचं. भुंकायचा, थांबायचा, कान फिरवायचा, पुन्हा भुंकायचा. ते मधलं थांबणं मला आधी लक्षात आलं नव्हतं, रेकॉर्डिंगमध्ये दिसलं. तो उत्तराची वाट पाहत होता. 'कशाने थांबला' या रकान्यात अशा रात्री एकच उत्तर असायचं: कुणीतरी जाऊन जवळ बसलं. भुंकण्याला उत्तर देऊ नका, सवय लागेल, असं सांगणारे बरेच भेटले. मला ते पटलं नाही. कळपातला जीव अंधारात हाक मारतो आणि कुणीच ओ देत नाही, याची सवय त्याला का लागावी? मी जाऊन हळू आवाजात दोन शब्द बोलायचे आणि परत यायचे.

मग डिसेंबरमध्ये एक रात्र अशी आली की वहीत लिहायला काहीच नव्हतं. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, कारण आपलं शहर उन्हाळ्यासाठी ओळखलं जातं. पण 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर गेला होता. त्या रात्री एवढी थंडी नव्हती, तरी गारठा अचानक उतरला होता. चिकू उठलाच नाही. झोळीत हात घातला तर क्रॅबिंग नाही, हालचाल नाही. अंग गार, पाय सैल. मुलगा तर रडायलाच लागला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बरेचदा ही थंडीची गुंगी असते. थंडी पडली किंवा खाणं कमी पडलं की हे प्राणी शरीराचं तापमान खाली आणून ऊर्जा वाचवतात, जंगलात काही तास तसेच पडून राहतात. त्याला कपड्याच्या आत छातीशी धरा, माणसाच्या उबेने हळूहळू गरम होऊ द्या. हीटरसमोर धरू नका, आणि पूर्ण जागा होईपर्यंत तोंडात काही घालू नका.

मी स्वेटरच्या आत त्याला धरून बसले. आधी मिशा हलल्या. मग बोटं. पुढच्या पायाची पाच बोटं माझ्या कातडीवर एकेक करून उघडली, नखं रुतली. आणि मग अगदी बारीक, तुटक करकर आली. ज्या आवाजाला मी सुरुवातीला एवढी घाबरत होते, तो ऐकून मी देवाचे आभार मानले. सकाळी डॉक्टरांकडे नेऊन तपासून आणलं. तेव्हापासून हिवाळ्यात खोलीत थर्मामीटर असतो आणि खोली 24 अंशांच्या खाली जाऊ देत नाही.

तपासताना डॉक्टर म्हणाले, हा एकटा आहे हेही कारण धरा, दोघं असते तर एकमेकांना बिलगून ऊब धरली असती. वहीतलं तिसरं भुंकणं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सोबत शोधा म्हणाले.

वर्धा रोडवरच्या एका कुटुंबाला त्यांची मादी सांभाळणं जमत नव्हतं. ती बिट्टी. आधी चिकूची नसबंदी केली, कारण पिल्लं वाढवून वाटत बसणं मला मान्य नव्हतं. बिट्टीला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवलं, तपासण्या केल्या. त्यानंतर दोन पिंजरे शेजारी-शेजारी, पण पंजा पोहोचणार नाही एवढं अंतर. रोज झोळ्यांची अदलाबदल करायची, त्याची झोळी तिला आणि तिची त्याला. पहिल्या रात्री दोन्ही पिंजऱ्यांतून क्रॅबिंग, झोपायला कुणालाच मिळालं नाही. मग चिकू तिच्या झोळीत नाक खुपसून बराच वेळ हुंगत बसायला लागला. करकर कमी होत गेली आणि एक नवा आवाज सुरू झाला, जिभेने टाळू वाजवल्यासारखा चिक्-चिक्, अगदी हलका. शेवटी दोघांना एका कोऱ्या, कुणाचाच वास नसलेल्या जागी एकत्र सोडलं, म्हणजे आमच्या न्हाणीघरात. बिट्टीने एकदा फटका मारला. चिकू मागे सरला. थोड्या वेळाने त्याने खाली वाकून आपलं डोकं तिच्या छातीला घासलं.

त्या डोक्याचीही एक गोष्ट आहे. चिकूच्या कपाळावर शंकरपाळ्याच्या आकाराचं टक्कल होतं. सासूबाईंना वाटलं होतं खरूज झाली, त्यांनी खोबरेल तेलाची वाटीही आणली होती. पण वयात आलेल्या नराला तिथे गंधग्रंथी असते, छातीवरही असते. डोकं घासून तो आपला वास दुसऱ्याला लावतो, म्हणजे हा आपल्यातला. नसबंदीनंतर ते टक्कल हळूहळू भरत आलं, पण घासायची सवय राहिली. आता तो सासूबाईंच्या मनगटालाही डोकं घासतो आणि त्या हात मुळीच हलवत नाहीत.

बिट्टी आल्यावर रात्री तीनचं भुंकणं जवळजवळ थांबलं. त्याजागी बारीकसारीक आवाजांनी खोली भरली, आणि खरं सांगायचं तर याच आवाजांसाठी मी आता जागी राहते. खाताना चिक्-चिक्. एकाने दुसऱ्याचा कान साफ करताना कानाशी धरल्याशिवाय ऐकू न येणारी घुरघुर. आणि सीः-सीः असा शिंकेसारखा आवाज, ज्याने आम्ही आधी फार घाबरलो होतो. सर्दी झाली म्हणून व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला. ते म्हणाले, आवाज ऐकू नका, हात बघा. पाहिलं तर बिट्टी पुढच्या दोन्ही पंजांत थुंकी घेत होती, ती चोळून तोंडावरून, कानांमागून फिरवत होती. मग मागच्या पायाची दोन जोडलेली बोटं फणीसारखी केसांतून ओढत होती. आंघोळ चालली होती. आंघोळ नसताना शिंका येत असतील, नाक ओलं असेल, खाणं कमी झालं असेल, तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

खाण्याचं थोडं सांगायला हवं, कारण वागणं बिघडतं ते बरेचदा तिथूनच. जंगलात हे प्राणी झाडांचा गोड रस, फुलातला मध, किडे आणि डिंक खातात, त्यात बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंकही. इतवारीच्या बाजारात मिळणारा बाभळीचा डिंक, आपण लाडवांत घालतो तोच, पण न तळलेला, मी लाकडाच्या खाचेत भरून ठेवते. तो खरवडून काढताना दोघंही तासभर गुंग असतात. संत्र्याबद्दल प्रत्येक नागपूरकर विचारतो. देते, पण अगदी छोटा तुकडा, आणि तोही रोज नाही. रस पिऊन चोथा थुंकून टाकतात, तो वाटीबाहेर पडलेला पाहून आवडलं नाही असं समजू नये. खरी काळजी कॅल्शियमची. फळं आणि किडे यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम कमी पडतं. ते साधारण दोनास एक असं राखलं नाही तर हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडू शकतात. हे प्राणी दुखणं लपवतात, ओरडून सांगत नाहीत. म्हणून मी उड्या बघते. रोजची उडी चुकली, पकड सुटली, एकजण वरच्या फांदीवर जायचा टाळायला लागला, की वहीत लाल शाईने नोंद होते.

उन्हाळ्यात तर आवाज सगळेच कमी होतात. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना दोघं झोळी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी चपटे पसरतात, कातडीचा पडदा अंथरलेला, आणि पुढचे पाय चाटून चाटून ओले करतात. ओलं अंग वाऱ्याला धरून गार होण्याची त्यांची ही रीत आहे. ती दिसली की मी समजते, खोली फार तापली. एसी 27 वर असतो. लाईट गेली तर जुन्या घराचं एक कवेलू पाण्यात भिजवून, पुसून पिंजऱ्यात ठेवते. बिट्टी लगेच त्यावर येऊन पडते. कूलरची थेट हवा मी टाळते, ओलाव्याने झोळ्या दमट होतात.

बिट्टीने अलीकडे एक सवय लावून घेतलीय. शेपटीच्या बुडाशी ती जास्त वेळ चाटत बसते, आणि तिथले केस थोडे विरळ दिसतात. एकटेपणा, ताण किंवा दुखणं, कशानेही असं होऊ शकतं आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर हे प्राणी स्वतःला चावून जखमा करतात. शेजारी घराचं बांधकाम सुरू झालंय, दिवसभर ड्रिल चालतं, तिची झोप मोडते, हे एक कारण असेल. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासायला सांगितली आहे. तोवर पिंजरा मागच्या, शांत खोलीत हलवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज रात्री तिचं वजन घेते. काल 98 ग्रॅम भरलं, मागच्या आठवड्याएवढंच. शनिवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, आणि वही सोबत नेणार आहे.